दुजोरेभाऊ

लाँड्रीत नवीन कामाला लागलेल्यांना भाऊंचं आडनाव खरोखरच दुजोरे आहे असं वाटायचं. रोलरवरच्या एका पोरीने आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर "श्री. व सौ. दुजोरे" असं ठळक अक्षरांत लिहून ती त्यांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, "येतो हं" म्हणाले आणि घरी नेऊन बायकोला दाखवली. वहिनी म्हणाल्या, "चला, माहेरचं आडनाव गेलंच होतं, आता सासरचंही गेलं." हे मला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच सांगितलं. सांगताना हसत होत्या, पण ते हसू ओठांपुरतंच होतं.

मी त्या लाँड्रीत रफूच्या टेबलावर चोवीस वर्षं काढली. तीन मोठ्या इस्पितळांच्या चादरी, रुग्णांचे झगे, ऑपरेशनची हिरवी कापडं आमच्याकडे धुवायला यायची. तळघरात मळके गठ्ठे उघडून डागांप्रमाणे वेगळे करायचे. मग धुलाईची मशीनं, मग पिळणीची, मग वाफेवर तापणारे लांबलचक रोलर, आणि सगळ्यात शेवटी घडी विभाग. काही फाटकं निघालं की ते माझ्याकडे. भाऊ पिळणीवर होते. ओल्या चादरींची हातगाडी ओढत आणायची, चादरी मशीनच्या पोटात सगळीकडे सारख्या पसरायच्या, झाकण लावायचं. एका बाजूला वजन जास्त झालं की ते मशीन जागच्या जागी उड्या मारायला लागतं. भाऊंना ते पहिल्या दोन फेऱ्यांतच आवाजावरून कळायचं. हात वर करायचे, मशीन थांबवायचे, एखादी चादर इकडची तिकडे करायचे. बोलणं जेमतेम. वहिनी घडी विभागात, माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. त्यामुळे त्या घरातलं बरंचसं माझ्या कानावर यायचं, आणि जे यायचं नाही ते मी विचारून घ्यायची.

दुजोरे हे नाव त्यांना वकिलामुळे पडलं. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. तोही आमच्यातलाच, रोलरवर चादरी सोडणारा, शाळा अर्ध्यावर टाकलेला. पण वाद घालायला लागला की समोरच्याला आपण काय म्हणत होतो तेच आठवेना, म्हणून वकील. पुढे आमच्या कामगार मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर लोक वकीलसाहेब म्हणायला लागले. सुरुवातीला तो "साहेब नको रे" म्हणायचा. काही वर्षांनी ते म्हणेनासा झाला.

मी लागून तीनच महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. रोलरवरच्या वाफेच्या पाइपाचा सांधा फुटला आणि दोघांचे हात कोपरापर्यंत भाजले. मॅनेजरने सांधा चिंध्यांनी बांधून घेतला आणि काम चालू ठेवा म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत वकील बाकावर चढला. तेव्हा तो असेल अठ्ठावीस-तीस वर्षांचा. म्हणाला, पाइप बदलल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही, ज्याला पटतंय त्याने उभं राहावं. साठेक माणसं होती. चमचे थांबले. कुणी ताटात बघतंय, कुणी खिडकीबाहेर. मला अजून आठवतं, मी पाण्याचा ग्लास उचलला होता आणि तो ना पिता येत होता ना खाली ठेवता येत होता. वकिलाचा चेहरा हळूहळू पांढरा पडत चालला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून भाऊ उठले. मग त्यांच्या शेजारचा उठला, मग त्याच्या समोरचा, आणि पाहता पाहता सगळे उभे. वकील बाकावरून उतरून सरळ भाऊंकडे गेला आणि त्याने त्यांना मिठी मारली. चार दिवस रोलर बंद राहिले. पाचव्या दिवशी नवा पाइप आला.

खरी गोष्ट अशी की भाऊंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ते बराच वेळ पायावर पाय टाकून बसले होते. पाय इतका बधिर झाला की राहवेना, म्हणून झटकायला उभे राहिले. वकील काय बोलला ते त्यांनी धड ऐकलंही नव्हतं. ते अगदी शेवटच्या टेबलावर होते आणि शेजारचा माणूस कसलीशी चटकदार हकिकत सांगत होता. उभे राहिल्यावर पाहतात तो काय, सगळे त्यांच्याकडे बघतायत. आता खाली बसायचं कसं? म्हणून तसेच उभे राहिले. ही गोष्ट त्यांनी त्याच दिवशी वहिनींना सांगितली. वहिनी खूप हसल्या आणि म्हणाल्या, "चांगल्या वेळी आल्या हो मुंग्या."

आणि खरंच चांगलंच झालं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मंडळ स्थापन झालं. तळघरात गठ्ठे उघडणाऱ्यांना जाड हातमोजे मिळाले, कारण त्या कपड्यांत कधी सुई निघायची, कधी ब्लेड. बाळंतपणाची रजा मिळाली. पंखे आले. वकील मालकासमोर बसून तासन्‌तास भांडायचा आणि काही ना काही घेऊनच बाहेर यायचा. प्रत्येक वेळी सभा व्हायची, ठराव मांडला जायचा. बोलणं संपलं की वकील क्षणभर थांबायचा, पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बघायचा, आणि भाऊ उठून म्हणायचे, "माझा दुजोरा आहे." की सभा उभी. हाताने मोजायची वेळच यायची नाही. कार्यकारिणीत भाऊंचं नाव पहिल्या वर्षापासून होतं.

वकिलाचं त्यांच्यावर प्रेम होतं, यात शंका नाही. वहिनींचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो तीन दिवस इस्पितळात ठिय्या देऊन बसला होता. मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी स्वतः चार खेटे घातले. मोठं भाषण असलं की आदल्या संध्याकाळी भाऊंच्या दोन खोल्यांत येऊन येरझाऱ्या घालत सगळं म्हणून दाखवायचा. वहिनी चहा करायच्या. म्हणून झालं की वकील विचारायचा, "कसं वाटलं?" आणि भाऊंनी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणायचा, "मधला भाग जरा लांबलाय, नाही का?" भाऊ मान हलवायचे. एकदा वहिनींनी खिडकीला निळे पडदे लावू या का म्हणून विचारलं, तर भाऊंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "माझा दुजोरा आहे." वहिनी म्हणाल्या, "मला नवरा हवाय. दुजोरा सभेत द्या."

अडकल्यासारखं त्यांना पहिल्यांदा कधी वाटलं, ते मला नक्की सांगता येतं. एका सभेत वकील बोलत असतानाच भाऊ लघवीला जायला उठले. मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला म्हणून वळून पाहतात तर पंधरावीस माणसं उभी. कशाला उभे राहिलो हे त्यांनाही माहीत नव्हतं. वकील हसून म्हणाला, "अजून ठराव मांडायचाय, बसा बसा." सगळे हसले, भाऊही हसले आणि परत बसले. त्यानंतर सभेच्या दिवशी ते सकाळचा चहा घ्यायचे नाहीत. वहिनी म्हणायच्या की सभेत त्यांना खाज सुटली तरी ते खाजवत नाहीत. दिसायला विनोदी होतं हे. पण ज्या माणसाला दीडशे डोळे पाठीवर घेऊन बसावं लागतं, त्याला विचारावं.

मंडळाला वीस वर्षं झाली तेव्हा मोठा समारंभ ठरला. भाऊ त्याआधी आठ दिवस वकिलाला भेटायला मंडळाच्या खोलीत गेले. आता मला कार्यकारिणीतून मोकळं कर, म्हणाले. वकिलाने कारण विचारलं. भाऊंनी मनाचा हिय्या करून मुंग्यांची गोष्ट सांगून टाकली. मी त्या दिवशी तुझ्यासाठी उठलोच नव्हतो, म्हणाले. एवढी वर्षं सांगायला जीभ रेटली नाही. वकिलाने ऐकून घेतलं. मग तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, भाऊंच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही." भाऊंना वाटलं, सुटलो.

समारंभात वकिलाने तीच गोष्ट माइकवरून सांगितली. आपण सगळे केलेल्या कामाचा डंका पिटतो, म्हणाला, आणि हा माणूस बघा, केलेलं मोठं काम लपवायला म्हणतो की माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. टाळ्या थांबेनात. भाऊंना शाल दिली. त्यांनी तिथे काय म्हणायला हवं होतं? ते खाली मान घालून उभे राहिले, आणि खाली मान घातली म्हणून आणखी टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला खरं काय ते माहीत होतं आणि तरीही वाजवल्या, कारण त्या क्षणी वकिलाचंच खरं वाटत होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी घडी विभागाचा विषय आला.

घडीचं काम बघायला सोपं वाटतं. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, चादरीची दोन-दोन टोकं धरतात, ताणतात, एक पाऊल पुढे येऊन टोकाला टोक जुळवतात, पुन्हा मागे. दिवसाला एका जोडीने सातशे चादरी. अडतीस बायका होत्या, निम्म्याहून जास्त पन्नाशीच्या पुढच्या. सगळ्यात मोठ्या इस्पितळाने धुलाईचा दर कमी करा म्हणून मालकाला पेचात पकडलं होतं, आणि मालकाने घडी विभाग कंत्राटदाराकडे द्यायचं ठरवलं. बायका त्याच, टेबलं तीच, पण कायम नोकरी जाणार. रजा, आजारपण, मंडळाचं सभासदत्व, सगळं जाणार. दर सहा महिन्यांनी नवं कार्ड. बदल्यात मशीनवरच्या सगळ्यांना दहा वर्षांची हमी. वकिलाने महिनाभर झगडून पाहिलं, आणि मग तो राजी झाला.

सभेच्या तीन दिवस आधी तो भाऊंकडे आला. या वेळी येरझाऱ्या घातल्या नाहीत. बसून राहिला. भाऊ म्हणाले, मला हे पटत नाही. वकील म्हणाला, मलाही पटत नाही, पण अडतीस दिल्या नाहीत तर इस्पितळाचं काम जाईल आणि दोनशेच्या दोनशे रस्त्यावर येतील. भाऊ म्हणाले, मग हेच सभेत सांग, आणि लोकांना हात वर करू दे, मोजून घे. त्यावर वकिलाने नकारार्थी मान हलवली. मोजायला लागलो की फूट पडते, म्हणाला, आणि फूट पडलेली दिसली की मालक आणखी मागतो. मग म्हणाला, "तुला वाटतं मी मोकळा आहे? लोक माझ्याकडे बघतात आणि मी तुझ्याकडे बघतो. बावीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही."

दारापर्यंत गेल्यावर वळून त्याने हळू आवाजात सांगितलं की वहिनींची काळजी करू नकोस, त्यांना रफूच्या टेबलावर घेतो, तिथली नोकरी कायम राहणार आहे.

वहिनी स्वयंपाकाच्या ओट्याशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वकील गेल्यावर त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "बाकीच्या सदतीस?"   मग वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही भाषण करू नका, कुणाशी भांडू नका. तुम्हाला ते जमायचं नाही. फक्त उठू नका. बसून राहा. एवढंच करा माझ्यासाठी." भाऊ म्हणाले, "बसतो." वहिनींनी मला सांगितलं तेव्हा त्यांना नवऱ्याची खात्री होती. इतकी साधी गोष्ट आहे, म्हणाल्या, यात चुकायला जागाच नाही.

सभा रविवारी सकाळी होती. हॉल गच्च भरला होता. घडी विभागातल्या बायका मागच्या दोन रांगांत, मी त्यांच्या पुढच्या रांगेत. भाऊ नेहमीच्या कडेच्या खुर्चीवर. वकील चांगला बोलला. खोटं काही बोलला नाही, पण प्रत्येक वाक्य अशा उतारावर ठेवलं होतं की ऐकणारा एकाच बाजूला घसरावा. ठराव वाचून झाला. तो थांबला आणि त्याने कडेच्या खुर्चीकडे पाहिलं.

भाऊ बसून होते.

मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. पंख्याची घरघर ऐकू येत होती. कुणीतरी खोकलं. वकील वाट बघत राहिला. मी मनात आकडे मोजत होते, वीसपर्यंत आले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. वहिनी माझ्या मागे होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, झालं, आता कुणीच उठणार नाही. आणि खरं सांगते, मला भीतीही वाटली, की मग पुढे काय?

वकील हसला. अगदी मायेने हसला. म्हणाला, "भाऊंचा गुडघा आज फार दुखतोय. सकाळीच म्हणत होते मला. अरे, जरा हात द्या त्यांना."

शेजारचे दोघे पटकन उठले. एक धुलाईवरचा, एक बॉयलरवरचा, दोघेही भाऊंना मानणारे. त्यांनी अगदी अलगद दोन्ही बाजूंनी काखेत हात घातले आणि त्यांना उभं केलं. भाऊ काहीतरी म्हणत होते, हात सोडवत होते, पण दुखणारा माणूस असाच संकोच करतो म्हणून त्यांनी आणखी घट्ट धरलं. आणि मागे खुर्च्या सरकायला लागल्या. पहिली रांग, दुसरी, तिसरी. मी उठले. कशी उठले ते मला सांगता येणार नाही. माझं टेबल वाचत होतं म्हणून उठले असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण तेव्हा तेवढाही विचार मी केला नव्हता. सगळे उठले, म्हणून मीही उठले. वळून पाहिलं तर घडी विभागातल्याही निम्म्याहून जास्त बायका उभ्या होत्या, स्वतःच्याच नोकरीवर पाणी सोडायला. वहिनी बसलेल्या होत्या. त्यांच्या आजूबाजूला आठदहा जणी.

टाळ्यांमध्ये भाऊ त्या दोघांना म्हणाले, "मी उठलो नाही. तुम्ही मला उठवलंत." धुलाईवरचा म्हणाला, "हो भाऊ, हो. बसा आता सावकाश."

दुसऱ्या दिवशी भाऊ मंडळाच्या चिटणीसाकडे गेले. माझा विरोध होता अशी नोंद कर, म्हणाले. चिटणीस बिचारा गोंधळला. त्याने सभेचं इतिवृत्त आदल्या शनिवारीच लिहून ठेवलं होतं, नेहमीसारखं, दुजोऱ्यापुढे भाऊंच्या नावासकट. खाडाखोड करता येत नाही, तुम्ही अर्ज द्या, म्हणाला. भाऊंनी घरी बसून अर्ज लिहिला. चार ओळींना अख्खी संध्याकाळ लागली. त्यात कार्यकारिणीचा राजीनामाही होता. चिटणीसाने तो घेतला आणि फायलीत लावला. महिनाभराने कार्यकारिणीने तो एकमताने फेटाळला आणि भाऊंनी तब्येतीसाठी विश्रांती घ्यावी अशी प्रेमाची विनंती केली. सोबत गुडघ्यासाठी एक काठी पाठवली, चांगली गुळगुळीत, वर पितळी मूठ. भाऊंचा गुडघा तेव्हा माझ्या गुडघ्यापेक्षा बरा होता.

वकिलाशी त्यांची गाठ पिळणीच्या मशीनजवळच पडली. वकील स्वतः खाली आला होता. भाऊंनी मशीन थांबवलं. मी तेव्हा फाटक्या चादरी उचलायला तिथेच गेले होते, आणि त्या दोघांनी मला जा म्हटलं नाही.

"तू मला सगळ्यांसमोर पाडत होतास," वकील म्हणाला.

"मी नुसता बसलो होतो."

"तेच म्हणतोय मी."

भाऊंनी विचारलं, "एकदा तरी मी बसलेला चाललो असतो की नाही तुला?"

 वकील थकलेला दिसत होता, केस बरेच पांढरे झाले होते. "नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? नसतं चाललं." मग भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि गेला. भाऊंनी झाकण लावलं. मशीन उड्या मारायला लागलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

घडी विभागातल्या बायका वकिलावर रागावल्या नाहीत. त्याची अडचण होती, असं त्या म्हणायच्या. राग भाऊंवर निघाला. डागांच्या टेबलावरून घडीत आलेली एक उंच बाई होती, तोंडाने फटकळ, आम्ही तिला तोफ म्हणायचो. तिने त्यांना जिन्यात गाठलं आणि म्हणाली, "तुम्ही उठलात म्हणून आम्ही उठलो. नाहीतर कोण उठणार होतं?" भाऊंनी तिला गुडघ्याचं काही सांगितलं नाही. दोघांनी धरून उठवलं, हेही नाही. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि बाजूला होऊन तिला वाट दिली. मी नंतर विचारलं की खरं का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "मागे एकदा सांगून बघितलं होतं."

वहिनी माझ्या टेबलावर आल्या नाहीत. शिलाईच्या मशीनला तेल घालून, जागा पुसून मी वाट बघत होते. त्यांनी कंत्राटदाराचं पिवळं कार्ड गळ्यात घातलं आणि बाकीच्यांबरोबर घडीलाच उभ्या राहिल्या. भाऊंशी त्या भांडल्या नाहीत. तुम्ही बसला होतात हे मी पाहिलं, म्हणाल्या. पण बरेच दिवस त्या घरात कमी बोलायच्या, आणि मुळातच कमी बोलणारा माणूस अशा वेळी काय करणार? ते भांडी घासायला लागले, निळे पडदे काढून धुवायला लागले.

पुढच्या सभेला जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. सकाळी ते दोघे, धुलाईवरचा आणि बॉयलरवरचा, रिक्षा घेऊन दारात हजर. भाऊ नाही म्हणाले. "बरं भाऊ," म्हणत ते दोघे जिन्यात बसून राहिले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. येणारेजाणारे विचारायला लागले. शेवटी भाऊ गेले. त्यांच्या खुर्चीवर उशी ठेवलेली होती. ठराव झाल्यावर वकील म्हणाला, "भाऊंनी बसूनच राहावं, त्यांचा दुजोरा आपण धरलेलाच आहे," आणि सभा उभी राहिली. त्याच्या पुढच्या वेळी भाऊ पहाटेच घराला कुलूप लावून वहिनींना घेऊन मुलीकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी सूचनाफलकावर वाचलं की प्रकृतीच्या कारणाने गैरहजर असलेल्या भाऊंनी ठरावाला दुजोरा कळवला आहे. मी त्यांना सांगितलं. ते फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "उभा राहिलो तरी हो, बसलो तरी हो, नसलो तरी हो." आणि पिळणीवर निघून गेले.

त्या हिवाळ्यात कंत्राटदाराने घडीच्या बायकांना रोलरवरून आलेल्या गरम चादरी थंड व्हायच्या आत उचलायला लावल्या, म्हणजे दिवसाला शंभर चादरी जास्त होतील म्हणून. बोटं भाजायला लागली. बायका भाऊंकडे आल्या, तोफही होती त्यांच्यात. तुम्ही आमच्या वतीने बोला, तुमचं नाव आहे, म्हणाल्या. भाऊंनी हात जोडले. मला बोलता येत नाही, म्हणाले, आणि माझ्याकडे बघून तर तुम्ही काहीच करू नका. बायका चिडून परत गेल्या. वहिनीही त्यांच्याबरोबर गेल्या. मला वाटलं, हा माणूस आता कुणाच्याच कामाचा उरला नाही.

आठवड्याने घडी विभागातला आवाज बंद झाला. चादरी झटकल्याचा एक फटफट आवाज तिथे सतत असायचा, तो थांबला. मी मान वर करून पाहिलं. सगळ्या आपापल्या टेबलाशी हात खाली सोडून उभ्या होत्या आणि रोलरमधून निघालेल्या चादरी जमिनीवर साचत होत्या. तोफ कंत्राटदाराच्या माणसाशी बोलत होती, पण तिच्या आधी कुणीतरी दुसरीच बोलली होती, आणि मधेमधे तिसरीच बोलत होती. तास-दीड तास गेला. दुपारी सुती हातमोजे आले. अडतीस जणींना एकोणीस जोड्या. प्रत्येकीला एकेक.

संध्याकाळी भाऊंनी वहिनींना विचारलं की आधी कोण थांबलं. वहिनींना सांगता येईना. तू होतीस का, विचारलं. नाही, म्हणाल्या, मी थांबले तेव्हा समोरचीने चादर सोडून दिलेली होती, आणि ती म्हणते मीच आधी सोडली. भाऊंनी त्यांना तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला. वहिनी सांगत गेल्या. कधी नव्हे ते खूप बोलल्या, आपला एकुलता एक हातमोजा दाखवत.

त्यानंतरच्या वर्षी मी काम सोडलं. भाऊंची अजून तीन वर्षं बाकी आहेत. वहिनींचं पिवळं कार्ड दर सहा महिन्यांनी नवं होतं, कधी वेळेवर, कधी उशिरा. बायकांना हातमोज्यांच्या उरलेल्या जोड्या अजून मिळालेल्या नाहीत, त्या मागतायत. मंडळाच्या सभेच्या सकाळी रिक्षा अजूनही दारात उभी राहते. भाऊ बहुतेक वेळा जातात. न जाऊन काय होतं ते त्यांनी पाहिलेलं आहे, आणि ते दोघे जिन्यात बसून राहिले की शेजाऱ्यांना त्रास होतो.